डेस्मंड ऑर्मरॉडचे मागचे ब्रेक

डेस्मंड ऑर्मरॉडने अडतीस वर्षं बसडेपोत ब्रेक बसवले, आणि त्याची स्वतःची बायको त्याच्या गाडीत बसायला तयार नव्हती. इंग्लंडातल्या लँकेशरमधल्या त्या डोंगरउतारावरच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे, कारण न बोलणं हा तिथे सगळ्यात मोठा सद्गुण मानतात.

गाडी त्याने स्वतः जोडली होती. सांगाडा आणि पत्रा खोक्यांतून घरपोच आला, इंजिन आणि मागचा आस भंगारातल्या गाडीचा, आणि सहा वर्षं डेस्मंडची. दोन माणसांची, हिरवी, बिनछपराची गाडी. बारमाही पावसाच्या लँकेशरमध्ये बिनछपराची गाडी बाळगायची तर माणूस फार आशावादी तरी हवा नाहीतर थोडा वेडा तरी. डेस्मंड दोन्ही होता. अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या जत्रेत त्याने ती चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला आणि आइस्क्रीम आणायला गेला. त्याच्या बायकोला, ग्लेनिसला घेऊन गाडी उलटी निघाली ती थेट केकच्या टेबलात घुसली. डेस्मंड धावत आला, “लागलं नाही ना?” म्हणाला, पण म्हणताना त्याची नजर गाडीच्या मागच्या पत्र्यावर होती. ग्लेनिस केसांतला जॅम पुसत चालत घरी गेली. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही.

“बायका जरा भित्र्याच,” डेस्मंड क्लबात सांगायचा. घरी गाड्या जोडणाऱ्यांचा तो क्लब. दर जूनमध्ये सगळे आपापल्या बायकांना घेऊन समुद्राकडे जात, आणि डेस्मंडच्या शेजारच्या सीटवर सँडविचचा डबा पट्ट्याने बांधलेला असे. एकटं जेवायचं म्हणजे डबाही लवकर संपत नाही. मागच्या जूनमध्ये तो अर्धा डबा कबुतरांना घालून आला आणि घरी येऊन म्हणाला, “पुढच्या वर्षी तू येणारेस. मी मागे डिस्क ब्रेक बसवतोय. हँडब्रेकसकट.”

“बसव की,” ग्लेनिस म्हणाली. “मी घरी बसते.”

मागचे जुने ब्रेक-ड्रम काढून त्याने नव्या चकत्या आणि पट्ट्यांचं किट मागवून बसवलं. चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे कॅलिपर भंगारवाल्याकडून आणले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, जसे अडतीस वर्षं बसवले तसे. मूळ गाडीत हे कॅलिपर आसाच्या मागे बसत. या किटच्या पट्टीवर ते आसाच्या पुढे बसणार होते, म्हणून त्यांची अदलाबदल करायला हवी होती. किटसोबतच्या कागदावर हे ठळक अक्षरांत छापलं होतं. पण क्लबात कागद वाचणारा माणूस कच्चा समजतात, तेव्हा डेस्मंडने कागदावर तेलाचा डबा ठेवला. हँडब्रेकची तार जिथे जायला हवी तिथे काही जाईना. मग त्याने दोन रविवार खपून तिच्यासाठी पोलादी ब्रॅकेट घडवलं. इतकं सुबक की दागिन्यांच्या दुकानात ठेवावं.

पेडल मात्र स्पंजासारखं दबत राहिलं. नळीत हवा होती. त्याने हवा काढली, पुन्हा काढली, ब्रेक ऑइलच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या. पालथ्या घड्यावर पाणी. हँडब्रेकचं म्हणाल तर तो सपाट जमिनीवर झकास लागायचा, म्हणजे जिथे त्याची गरज नाही तिथे.

दर रविवारी क्लबातले हेडली आणि बर्नार्ड यायचे. वाकून चाकामागे बघायचे, एकमेकांकडे बघायचे.

“ब्रॅकेट मात्र काय देखणं केलंयस रे!” हेडली म्हणायचा.

“खरंच,” बर्नार्ड म्हणायचा. “कोणाला जमायचं नाही.”

आणि बिस्किटं संपवून जायचे. असे सहा आठवडे गेले. जून आठ दिवसांवर आला. डेस्मंड रात्री झोपेतही पेडल दाबल्यासारखा पाय रेटायला लागला, तेव्हा ग्लेनिस गॅरेजमध्ये आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“हवा कुठून काढतोस?”

“कॅलिपरवरच्या या बारक्या तोटीतून, नायपलमधून. तुला नाही कळायचं.”

ती खाली वाकली. “हे तर खालच्या अंगाला आहे.”

“मग?”

“मग काही नाही. दर ऑक्टोबरला घरातल्या रेडिएटरची हवा मी काढते. त्याची किल्ली वर असते. हवा वर जाते ना, डेस्मंड? की बसमध्ये ती खाली जाते?”

डेस्मंडने वाकून चाकामागे पाहिलं आणि पाना उचलला. “मी तेच करणार होतो.” ग्लेनिस बरं म्हणाली आणि आत गेली.

दुपारपर्यंत डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला, आणि दोन्ही नायपल वरच्या अंगाला आले. तार आपोआप सरळ आली आणि दागिना भंगारात पडला. पेडल दगडासारखं घट्ट झालं. रविवारी मित्र आले.

“बदललेस वाटतं?” हेडली म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच रविवारी दिसलं.”

“मग बोलला का नाहीत, गाढवांनो?”

“तू विचारलं नाहीस,” हेडली दुखावल्या सुरात म्हणाला. “आणि अडतीस वर्षं ब्रेक बसवणाऱ्याला आम्ही शिकवायचं? बरं दिसतं का ते?”

“त्यात ब्रॅकेट इतकं सुंदर,” बर्नार्ड म्हणाला. “मोडवेना.”

जूनच्या त्या सकाळी डेस्मंडने गाडी दारासमोरच्या चढावर आणून उभी केली. ग्लेनिस डोक्याला रुमाल बांधून आली, थर्मास घेऊन शेजारी बसली. दार मात्र तिने उघडंच ठेवलं.

“हँडब्रेक ओढलास?”

“ओढला.”

“गिअर काढ. ब्रेकवरून पाय काढ.”

“काढला. बघ, हलतेय का?”

“आता उतर. मागे जाऊन उभा राहा.”

“मागे कशाला?”

“अकरा वर्षं पुढच्या सीटवरून सांगतोयस की काही होत नाही. आता मागून सांग.”

तो उतरला आणि मागे गेला. उतार त्याच्या पाठीशी थेट ओढ्यापर्यंत उतरत होता. गाडीचा मागचा भाग त्याच्या गुडघ्यांपासून हातभर दूर होता. त्या आसाचा एकेक बोल्ट त्याने स्वतः पिळला होता, आणि आता तो ते एकेक करून मनात पुन्हा पिळत होता. पुढे थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. ग्लेनिस शांतपणे चहा ओतत होती.

“झालं का?” त्याने विचारलं.

“गरम आहे.”

गाडी कुठेतरी किंचित करकरली. डेस्मंडचा एक पाय नकळत बाजूला सरकला. त्याने तो ओढून पुन्हा जागेवर आणला. ग्लेनिस आरशात बघत होती हे त्याला दिसलं.

“ग्लेनिस,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, “मला भीती वाटतेय गं.”

उरलेला चहा तिने संपवला, कप पुसला, दार ओढून घेतलं आणि पट्टा बांधला.

“ये आता,” ती म्हणाली. “हळू चालव.”