नांदेडला जाणारी डिस्क

सोमवारी सकाळी गफारभाई माझ्या टेबलापाशी यायचे. "मंदाताई, एक तारीख सांगा." मी तोंडाला येईल ती सांगायची. त्या दिवशीची एक मेल ते बॅकअपमधून काढून दाखवायचे. निघाली, तरच चहा! "ठेवलंय म्हनून सांगनारे लई हायत. काढून दाखवा म्हना!" त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही.

लातूरच्या आमच्या क्लासचा मेल सर्व्हर ते सांभाळायचे. मूळचे निलंग्याचे. पुण्याच्या इंजिनिअरने बॅकअपची वेळ पहाटेची लावली, तर हे हसायलाच लागले. "साहेब, आमची पोरं पहाटंच शंका पाठवतेत. सर्व्हरला दम कुठं हाय?" महिनाभर वहीत टिपून त्यांनी वेळ ठरवली, रविवारी सकाळची, परीक्षेची. तेवढे तीन तास अख्खा क्लास गप्प, मेलही गप्प. इंजिनिअरने तीच वेळ लावून दिली!

बॅकअपची एक प्रत सर्व्हरशेजारच्या कपाटात. दुसरी डिस्क टॉवेलात गुंडाळून नांदेडच्या शाखेत, सोमवारच्या तासाला जाणाऱ्या फिजिक्सच्या सरांबरोबर. संचालक वैतागायचे, "कपाटात आहे ना एक? मग हा उपद्व्याप कशाला?"

"भूकंपात आमची पेटी गाडली गेली, सर. मार्कमेमो बी तिच्यातच, झेरॉक्स बी तिच्यातच. माझं आयटीआयचं वर्ष गेलं."

एका जूनमध्ये, बुधवारी, शॉर्टसर्किट झालं. सर्व्हर जळाला, कपाटही जळालं. मोफत जागांसाठी निवडलेल्या मुलींची यादी मेलमध्येच होती, देणगीदार संस्थेकडून शनिवारी आलेली, आणि आता संस्थेत फोन कुणी उचलत नव्हतं. मुलींना मी फोनवर कळवलं होतं. गुरुवारी दुपारी तास सुरू होणार आणि त्यांतली हिमायतनगरची प्रतीक्षा गादी, पेटी घेऊन काउंटरसमोर उभी! संचालक म्हणाले, "फोन आला म्हणून कुणीही येईल. यादी नाही, तर जागा नाही." पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्या शब्दाला तर तिथं काडीची किंमत नव्हती.

नांदेडची डिस्क दुपारच्या एसटीने आली. सगळे तिच्यावर तुटून पडले, तर गफारभाईंनी ती छातीशी धरली.

"थांबा. आता ही एकच प्रत राहिली. आधी हिची नक्कल काढतो, मंग उघडतो."

"अहो, तिकडे तास सुरू होतोय!" संचालक ओरडले.

"होऊ द्या. ही बिघडली तर पुन्हा कुठून आनू?"

दीड तास! खरं सांगते, मलाही त्यांचा संताप आला. प्रतीक्षा रडकुंडीला आली होती. मग नक्कल उघडली, शनिवारची मेल सापडली, आणि गफारभाई टेबलावर थाप मारून ओरडले, "आलं! तिसरं नाव, प्रतीक्षा!" अख्खं ऑफिस टाळ्या पिटत होतं आणि मी पदराने डोळे पुसत होते.

संचालकांनी तिथल्या तिथे प्रवेशावर सही केली. "मानलं बुवा तुम्हाला, गफारभाई! आता सर्व्हर तेवढा उभा करा."

गफारभाईंनी पोरीची गादी खांद्यावर घेतली होती.

"करतो की, सर. आधी हिला वर्गात बसवून येतो."