विहिणीचं कौतुक

मंठा तालुक्यातल्या त्या गावात लग्न जमलं की आधी आचारी ठरायचा आणि मग साळूबाई. आचारी एक वेळ बदलता आला असता, साळूबाई नाही. मुलीकडच्यांनी पंगतीत विहिणीला, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आईला, गाण्यातून शिव्या घालायच्या ही तिकडची रीत, आणि त्या कामात साळूबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ना पेटी, ना तबला. शेजारची बेबीनंदा चमच्यानं ताट बडवायची आणि साळूबाई समोरच्या बाईचं नाक, चाल, अंबाडा, जे हाती लागेल ते सोलून काढायची. विहीण गाडीतून उतरली की ती एकदा तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायची. पंगत बसेपर्यंत गाणं तयार.

तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. हळद लावताना, ओटी भरताना बायका तिला गोड बोलून मागं सारायच्या. जळलं मेलं त्यांचं गोड बोलणं! पंगतीत मात्र त्याच बायका "साळूबाई कुठंय?" म्हणून हुडकत यायच्या. लग्नघरात तिच्या हक्काची जागा तेवढीच, आणि तीही अलीकडं डीजेनं कुरतडत आणली होती.

पुतण्या अंगदच्या पोरीचं, अर्पिताचं, लग्न जमलं. पोर साळूबाईच्याच मांडीवर वाढलेली, तेव्हा या गाण्यासाठी ती कधीची दबा धरून बसली होती. पण व्याही निघाले जालन्याचे, बियाण्याच्या कंपनीतले साहेब. साहेब म्हटलं की अंगदला घाम फुटायचा.

"काकू, शिव्या बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "शिकलेली माणसं हायेत ती."

"मंग मी काय करू? आरती म्हणू?"

"चांगलं चांगलं म्हण. कौतुकाचं. जमत नसंल तर डीजेवाल्याला सांगतो, जेवणातबी चालू ठेव म्हणून."

आता आली का पंचाईत! साळूबाईनं जन्मात कुणाचं गाण्यातून कौतुक केलेलं नव्हतं. भाकरी थापताना ती जुळवायला बसायची आणि लक्ष्मी दारात आली की तिच्यामागं आपोआप म्हैस यायची. म्हैस हाकलावी तर यमक जायचं. चार भाकरी करपल्या, तेव्हा कुठं एक कडवं झालं.

लग्नाच्या दिवशी विहीण उतरली. वंदनाबाई. डोळ्यावर काळा चष्मा, तो मांडवातही उतरेना. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या पिशवीत घातलेल्या आणि पिशवी काखेत. साळूबाईच्या जिभेला नुसती खाज सुटली. पण अंगद डोळे वटारून समोरच उभा होता.

पंगत बसली, डीजेवालाही पानावर बसला. बेबीनंदानं ताट वाजवलं आणि साळूबाईनं म्हटलं,

"विहीणबाई आल्या दारी, जशी लक्ष्मी साजिरी,
गुण त्यांचे सांगू किती, बोली मधाहून गोजिरी."

म्हणता म्हणता तिची तिलाच जांभई आली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अंगद तेवढा खुशीत मान डोलवत होता. आणि वंदनाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

विहीण रुसली! अंगदची पाचावर धारण बसली. जिलबीचं भांडं घेऊन तो धावत गेला. "काय कमी पडलं, ताई?"

"काही नाही," वंदनाबाई म्हणाल्या. मग एकदम उसळल्याच. "माझ्या लग्नात आमच्या बायकांनी सासूला पंगत उठेस्तोवर शिव्या घातल्या. म्हातारी मरेपर्यंत मिरवून राह्यली, मला कशी सोलली म्हणून. आन् मला काय? लक्ष्मी! परक्या पाहुणीला म्हणतात तसं. आम्ही सोयरे न्हाई का तुमचे?"

"तुम्ही जालन्याच्या..." अंगद चाचरला.

"जालना सासर झालं! माहेर जाफराबादकडच्या खेड्यातलं हाय माझं."

अंगद जिलबीचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. साळूबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला, बेबीनंदाला कोपर मारलं आणि सुटली.

"काळ्या चष्म्याची विहीण, आली भर उन्हात,
व्याह्याला सोडून हार घाली आचाऱ्याच्या गळ्यात!
चपला पिशवीत भरून बसली जेवायला,
जिलबी समजून चप्पल लागली चावायला!"

मांडव हसून लोटपोट. साहेबांना तर ठसका लागला. वंदनाबाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि जिलबीचा मोठा तुकडा तोंडात टाकला. मग हात धुवायलाही न थांबता त्यांनी वाटी पालथी घातली, डाव्या हातानं ती ठोकली आणि माहेरच्या खणखणीत गळ्यात उलट सुरू केलं,

"साळू विहिणीचा गळा, जशी खडखड एसटी गं,
ऐकून पळून गेली सारी मंठ्याची वस्ती गं!"

सगळ्या बायका साळूबाईकडं वळल्या. आता ही काय ठेवून देते! आयुष्यभर तिनं गावोगावच्या विहिणी सोलल्या होत्या. तिला मात्र कुणी विहीण म्हटलं नव्हतं. कोण म्हणणार, आणि कशापायी?

बेबीनंदानं चमचा उचलला. "काकू, जवाब द्या की जल्दी!"

साळूबाईनं पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं तिचा चमचा धरला.

"थांब गं," ती म्हणाली. "घालू दे तिला अजून."