बरणीतली घोणस, फ्लेक्सवरचा अजगर

फ्लेक्सवर दोन सापांचे फोटो होते आणि खाली दोन नावं. फोटो बरोबर होते, नावंही बरोबर होती. फक्त घोणशीच्या फोटोखाली ‘अजगर, बिनविषारी’ असं छापलं गेलं आणि अजगराच्या फोटोखाली ‘घोणस, अतिविषारी’. हे काम माझं. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेलो आहे हे इथंच सांगून टाकतो, कारण बोरी अरबमध्ये ते सांगायचं कोणी बाकी राहिलेलं नाही.

चूक कशी झाली तेही सांगतो. घोणशीचा फोटो जास्त ठळक होता, म्हणून तो मी उजवीकडं सरकवला, लोकांच्या डोळ्यांत भरेल अशा जागी. नावं जिथल्या तिथं राहिली. तीही सरकवणार होतो, पण तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात ‘संकल्पना : अवधूत’ असं लिहून त्यावर गॉगलवाला फोटो लावायचा की बिनगॉगलचा, हा प्रश्न उभा राहिला. अर्धा तास त्यात गेला. गॉगलवाला लावला.

वर मोठ्या अक्षरांत होतं, ‘साप दिसला? मारू नका. सर्पमित्र मोहिउद्दीन’, आणि त्यांचा फोन नंबर. पेरणीच्या आधी, जूनमध्ये, फ्लेक्स बाजार चौकात लागला आणि सात महिने गावानं तो वाचला. ज्यांना साप ओळखता येत होते त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी छापलंय म्हणजे बरोबर असेल असं धरलं. मी रोज त्याच्याखालून जायचो आणि वर बघायचोही, पण माझा गॉगलच बघायचो.

मोहिउद्दीनचाचांना मराठी वाचता येत नाही. शिक्षण उर्दू चौथी. त्यांचं दुकान माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानाला लागून होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, आतली काळी पडलेली तार उपसून चाचा नवी तार भरायचे. साठीला टेकलेला बारीक माणूस, बोटं मात्र लांब आणि कधी घाई न करणारी. साप पकडणं हा धंदा नव्हता. फोन आला की मोटार तशीच उघडी टाकून निघायचे, पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे.

चहा का घ्यायचे, ते बघण्यासारखं होतं. लोखंडी सळईचा वाकवलेला आकडा आणि मिठाईच्या दुकानातली झाकणाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बरणी, एवढंच सामान. साप बरणीत गेला की दुसरा माणूस तो घेऊन निघून जाईल. चाचा बरणी घराच्या मधोमध ठेवायचे आणि घरातल्या सगळ्यांना बोलवायचे. याला ते हाजरी म्हणायचे. चहा उकळून कपात येईपर्यंत सगळ्यांनी साप बघायचा आणि ज्यानं त्यानं आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. एखादी सून तोंड फिरवून ‘न्या ना हो आता’ म्हणाली तर म्हणायचे, “अजून बुढीनं कुठं पाह्यला? बुढीले येऊ द्या.”

डोमाजीच्या घरची हाजरी मला आठवते, कारण त्या दिवशी मीही गेलतो. डोमाजी म्हणजे गावाच्या कडेला चार एकर कापूस करणारा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या गोठ्यात घोणस निघाली होती. बरणीत तिनं फुत्कार टाकायला सुरुवात केली तशी डोमाजीची बायको जमनी दोन पावलं मागं सरली.

“कुकरावानी बोलते वो हे.”

“कुकर तीन शिट्ट्या देते अन् थांबते,” चाचा म्हणाले. “हे थांबत नाई. डोमाजी, पाठीवर पाह्य. काय दिसते?”

“ठिपके.”

“कसे?”

डोमाजी बरणीजवळ उकिडवा बसला. “एकात एक अडकवल्यावानी. साखळी.”

“किती साखळ्या?”

“तीन. एक मधात, दोन बाजूनं.”

“शाब्बास. अजगराच्या अंगावर नकाशा असते, कोणता जिल्हा कुठं संपला समजत नाई. हिच्या अंगावर गाडीची चेन हाय. एकेक कडी मोजून घे. डोकं पाह्य, तिकोनी. जुने लोक परड म्हणत हिले. नाग माणूस पाहून वाट बदलते. हे बसून राह्यते, उंदराची वाट पाहत. आपल्यालेच वाटते का झोपली. मंग आपण पाय देतो.”

“अंडे किती देते?” जमनीनं विचारलं.

“अंडे नाई. पिल्लंच. तीस तीस, चाळीस चाळीस. अन् पहिल्या दिवसापासून जहर.”

मी मध्ये तोंड घातलं. “तसं नाही चाचा, अंडी असतात, पण ती पोटातच...”

“तुह्या कॉलेजात घोणस शिकवाले आलती का, बी.एस्सी.?” चाचा म्हणाले, आणि डोमाजीसकट सगळे हसले. हाजरीत मला ते नेहमी असंच बसवायचे. कदाचित म्हणूनच फ्लेक्सची कल्पना मला सुचली. म्हटलं, हा माणूस एकेका घरात चहा उकळेपर्यंत बसतो, आपण एका दिवसात सगळं गाव शिकवू.

जानेवारीत डोमाजी शेतात कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटून तिचा ढीग लावत होता. ढिगाखाली घोणस होती. पूर्वीचा डोमाजी असता तर त्यानं काठी घेतली असती. पण फ्लेक्सवर ‘अजगर’ या नावाखाली, म्हणजे घोणशीच्या फोटोखालीच, मी आणखी एक ओळ टाकली होती, ‘हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हळूच बाजूला करा’. डोमाजीनं तिला हळूच बाजूला केलं. उजव्या हातानं.

जमनीनं चाचांना फोन केला. चाचांनी माझ्या दुकानाच्या दारात गाडी थांबवून नुसतं “बस मागं” म्हटलं. शेतात पोहोचलो तेव्हा डोमाजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. तर्जनीवर दोन भोकं, आणि हात मनगटापर्यंत फुगलेला. जमनीनं वर रुमाल करकचून बांधला होता, चाचांनी तो आधी सोडला. साप अजून ढिगापाशीच होता. चाचांनी लांबूनच बघितलं.

“घोणस.”

“अजगर व्हय,” जमनी म्हणाली. “बोर्डावर हाय ना. तुमच्याच बोर्डावर.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी तोवर मनात फ्लेक्स उघडून दोन्ही फोटो पाहिले होते. डोमाजीला गाडीवर मध्ये बसवलं आणि मी मागं बसलो.

वाटेत डोमाजी शुद्धीवर होता. चाचांच्या पाठीला डोकं टेकवून बोलत होता आणि मी मागून त्याला धरलं होतं. “तुम्ही बरणीत दाखवली तवा हे घोणसच होती, भाऊ. तीन साखळ्या. मले दिसल्या, मोजल्या बी. पण म्हटलं, छापेल हाय. आपलंच ध्यानात चुकीचं राह्यलं असंन.”

चाचांनी गाडी तशीच दामटली. हात हलवू नको, एवढंच दोनदा म्हणाले.

दवाखान्यात त्याचं रक्त काचेच्या नळीत घेतलं. ती नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवतात. रक्त गोठलं तर बरं. घोणशीचं जहर रक्ताची गोठायची ताकदच काढून घेतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, आठ मार्कांना. चाचा आणि मी त्या टेबलासमोरच्या बाकावर बसलो.

“बोर्डावर काय लिवलं हाय?” चाचांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, गॉगलसुद्धा.

चाचा नळीकडं बघतच म्हणाले, “माह्या दुकानात मोटार भरतानी मी तारेच्या जोडाले टेप लावाले विसरलो, त ते जळून माह्याकडंच पुन्हा येते. तुह्या कामात तसं नाई.”

“चाचा, मी...”

“मले नको सांगू. मी आयकलं. त्याले सांग. बरा झाला का त्याले सांग, जमनीसमोर सांग. बस.”

“सांगतो.”

वीस मिनिटांनी नर्सनं नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. लस सुरू झाली आणि तिथून डोमाजीला यवतमाळला हलवलं.

डोमाजी वाचला. मूत्रपिंडं बसली होती, चार-पाच वेळा मशीनवर रक्त धुवावं लागलं, मग ती चालू झाली. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. कापूस वेचताना जी दोन बोटं बोंडात जातात तीच. वॉर्डात चाचा भेटायला गेले तेव्हा डोमाजीनं भिंतीकडं तोंड केलं आणि आईवरून शिव्या दिल्या. मी चाचांच्या मागं, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन उभा होतो. चाचांनी शिव्या ऐकून घेतल्या. माझ्याकडं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो.

फ्लेक्स मी त्याच आठवड्यात पहाटे जाऊन कापला. गावाला वाटलं, डोमाजीच्या भावकीनं रागानं फाडला. म्हणजे तेही चाचांच्याच नावावर गेलं. कोपऱ्यातलं ‘संकल्पना : अवधूत’ कोणीच वाचलेलं नव्हतं. ते कळल्यावर मला आधी वाईट वाटलं आणि मग बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे आठवलं की आजही मान खाली जाते.

त्यानंतर चाचांना फोन येईनासे झाले. साप निघाला की लोक पुन्हा काठ्या घेऊ लागले. पानटपरीवर कोणीतरी म्हणालं, “अनपढ मानसाच्या नादी लागलं का हेच व्हते.” मी तिथं पान लावून घेत होतो. अनपढ माणसानं तीन साखळ्या मोजायला शिकवल्या आणि शिकलेल्यानं त्या पुसल्या, एवढं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. पान आधी आलं.

डोमाजीला मी सांगणारच होतो. फेब्रुवारीत तो अशक्त होता, मार्चमध्ये त्याच्या पुतणीचं लग्न होतं, एप्रिलमध्ये ऊन होतं. मे महिन्यात चाचांनी दुकान बंद केलं. त्यांची मुलगी आरिफा ढाणकीला दिलेली आहे, जावयाचं गॅरेज आहे. ती केव्हाची बोलवत होती आणि इथं आता थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. सुग्राबीचाची रिक्षात सामान लावत होत्या. चाचा कुलूप लावून माझ्या दारात आले.

“सांगितलं का त्याले?”

“सांगतो, चाचा.”

“बरं,” ते म्हणाले. “पंखा बंद करत जाय कुलूप लावतानी. रात्रभर चालते, मोटार जळंन.”

सांगितलं ते ऑगस्टमध्ये. डोमाजीचा अनुदानाचा फॉर्म भरायचा होता, तो दुकानात आला आणि मशीनवर बोट ठेवायला त्यानं डावा हात पुढं केला. फॉर्म मी भरला. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, जमनीला बाहेर बोलवलं आणि सांगून टाकलं.

जमनी म्हणाली, “सात महिने? तुले तोंड नोहतं काय रे?” आणखी बरंच म्हणाली. ते सगळं बरोबर होतं.

डोमाजी उरलेल्या बोटांनी खाटेची सुतळी चाचपत बसला. मग म्हणाला, “म्हणजे मले बराबर दिसलं होतं.”

“हो.”

“घोणसच होती.”

“हो, काका.”

“मले वाटलं, बोर्ड बी मीच उलटा पाह्यला असंन, माह्ये डोळे गेले का अक्कल गेली. बैल ओळखतानी बी दोनदा पाहत होतो.” तो जमनीकडं वळला. “आयकलं का? तीन साखळ्या होत्या. मी मोजल्या होत्या.”

मी रागाची वाट बघत होतो. राग सोपा गेला असता. तो आला नाही, किंवा आला तो डोमाजीला स्वतःवरच आला. “त्या मानसाले मी आईवरून बोललो,” तो म्हणाला. “चार लोकाईसमोर. अन् त्यानं तुह्य नाव नाई घेतलं.”

“नाही घेतलं.”

“तुले त त्याचं घर ठाव असंन. जाय. म्हण, डोमाजीनं रामराम सांगितला. म्हण, घोणस हाय हे डोमाजीनं ओळखलं होतं. फोनवर नको सांगू, समोर बसून सांग.”

मी हो म्हणालो. उठताना त्याचा हात हातात घ्यायला गेलो, कोणता घ्यावा ते कळेना, तसाच निघालो.

ढाणकी काही परदेशात नाही. दारव्ह्याहून गाडी धरली की दिग्रस, पुसद, उमरखेड, आणि पुढं थोडं. एकदा दिग्रसपर्यंत गेलो. स्टँडवर चहा घेतला आणि उलट्या गाडीनं परत आलो. रामराम सांगायला अवघड नाही. पण चाचा विचारतील, त्याला कधी सांगितलंस, आणि ऑगस्ट म्हणावं लागेल.

मागं एका बाजारी डोमाजी भेटला. पिशवी डाव्या हातात होती.

“पोहोचला का माहा रामराम?”

“या हप्त्यात जातो, काका.”

“जाय,” तो म्हणाला, आणि मिरच्यांचा भाव विचारायला पुढं गेला.

त्याला आता तीन हप्ते झाले.