काचेतून आलेलं ऊन

माझ्या आत्याचं उन्हाशी वैर होतं, आणि ते धंद्यातलं वैर होतं. ती रफू करायची. जुन्या शाली, गरम कोट, गालिचे, कुणाच्या आईनं जपून ठेवलेला लग्नाचा रेशमी पोशाख, असलं सगळं तिच्याकडे यायचं. कसर लागलेलं, उंदरानं कुरतडलेलं, इस्त्रीनं जळलेलं. त्याच कापडाच्या शिवणीतून ती धागा उसवून काढायची आणि त्या धाग्यानं भोक असं विणून टाकायची की नंतर मालकालाच ते सापडू नये. भोक बुजवता येतं, पण उन्हानं उडालेला रंग कुणाच्या बापाला परत आणता येत नाही, असं ती म्हणायची. म्हणून तिच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना जाड दुहेरी पडदे होते आणि ते कधी उघडत नसत.

खोली तिसऱ्या मजल्यावर, एका उभ्या जिन्याच्या टोकाला. तिथंच ती राहायची आणि तिथंच काम करायची, जमिनीवर एका बुटक्या गादीवर बसून, मान वाकवता येईल असा दिवा डोक्याशी ओढून. बाजारहाट सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. कधी दुपारी बाहेर पडावंच लागलं तर पूर्ण बाह्या आणि छत्री. बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तिला वटवाघूळ म्हणायचे. ते स्वतः एका कचेरीच्या तळघरात जुने कागद सांभाळायचे, त्यामुळे त्यांनी हे म्हणावं हे मला जरा गमतीचंच वाटायचं.

साठीला टेकायच्या आतच आत्याची कंबर धरली. मग मांड्या, मग बरगड्या. हाडं आतून ठणकतात, सांध्यात नाही, मधेच, असं ती सांगायची, आणि आम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करून तिच्या गुडघ्यांना तेल चोळायचो. गरम पाण्याची पिशवी झाली, गुडघ्याचे पट्टे झाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. चालताना ती दोन्हीकडे झुलायला लागली. गादीवरून उठताना कपाटाची मूठ धरायची, आणि एके दिवशी ती मूठच तिच्या हातात आली. मी हसले, तीही हसली, पण उठायला तिला माझा हात धरावा लागला.

त्यानंतर बाबांनी ठरवलं की आता पुरे. खोली सोडायची आणि ताईनं आमच्याकडे तळमजल्यावर यायचं. त्यांच्या आईनं जिन्यावरून पडूनच अंथरूण धरलं होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला धार होती आणि भीतीही. घरमालकाला त्यांनी सांगूनही टाकलं. आमच्या घरात आत्याला पलंग मिळाला असता, वेळेवर जेवण मिळालं असतं, पण कापड ताणून धरायची तिची मोठी चौकट मांडायला जागा नव्हती, आणि कुणी तीन गल्ल्या ओलांडून आमच्या दाराशी शाल घेऊन आलंही नसतं. आत्या भांडली नाही. ती एवढंच म्हणाली, "येईन की. पण माझे हात तिथं काय करतील?"

खोली सोडण्याआधी दुखण्याचं मूळ तरी कळावं असं मला वाटलं. म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीण तरुण होती आणि बोलायला घाई करत नव्हती. तिनं आत्याला मावशी म्हटलं, तिथंच अर्धी लढाई जिंकली, कारण आधीच्या डॉक्टरनं आजी म्हटलं होतं. तिनं गुडघे बघितलेच नाहीत. अंगठ्यानं नडगीचं हाड दाबलं आणि आत्या कळवळली. मग म्हणाली, हात छातीवर घ्या आणि खुर्चीतून उठा. आत्यानं हात छातीवर घेतले, पुढं झुकली, पुन्हा झुकली, आणि बसूनच राहिली. एवढं साधं आपल्याला जमत नाही याचा तिला लाजेपेक्षा अचंबाच जास्त वाटला. आमचं घराणंच तसलं, हात टेकल्याशिवाय आमच्यात कुणी उठतच नाही, असं तिनं डॉक्टरला सांगितलं. हे मूळचं बाबांचं वाक्य.

मग प्रश्न सुरू झाले. काय खाता, काय काम करता, घराबाहेर कधी पडता. आत्यानं पडद्यांची हकीकत सांगितली, मोठ्या अभिमानानं, आणि डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. रक्त तपासून आलं तेव्हा ड जीवनसत्त्व नावापुरतंच निघालं. ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडाचा साचा तयार होतो पण त्यात चुना नीट बसत नाही, मग हाड मऊ पडतं आणि मांड्यांचं बळ जातं, असं डॉक्टरनं समजावलं. आत्या लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे विणलंय, पण खळ नाही चढली," ती म्हणाली.

डॉक्टरला ते इतकं आवडलं की पुढच्या पेशंटला मी असंच सांगेन म्हणाली. औषध म्हणून तिनं ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या. आठवड्याला एकच, भरल्या पोटी, दुधातून. रोज घ्यायची नाही, जास्त झालं तर तेही बाधतं, हे दोनदा बजावलं. शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या, आणि रोज थोडा वेळ हातांवर ऊन. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

बाबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर जिना नीट चढता आला तर ठीक, नाहीतर सामान खाली. हे त्यांनी मलाही ऐकवलं, म्हणजे मी साक्षीदार.

पुढच्या आठवड्यात मी वर गेले तर दारातच थबकले. एका खिडकीचा पडदा उघडा होता. त्या खोलीत धूळ कुठकुठं बसते ते मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आत्यानं शाली आणि कोट दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन चादरीखाली झाकले होते, आणि स्वतः बाह्या कोपरापर्यंत सारून बंद खिडकीशी बसली होती. खिडकी उघडली तर रस्त्याची काजळी कापडावर बसते, म्हणून बंद. हातांवर ऊन, मांडीवर एक साधा कोट, सुई चालू. बसल्या बसल्या दोन्ही कामं होतात, असं म्हणाली.

पण आत्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारी नव्हे. काचेतून येताना ऊन पातळ तर होत नाही ना, हे तिला बघायचं होतं. तिनं एकाच लाल रेशमाचे दोन तुकडे कापले. एक काचेच्या आत टांगला, एक बाहेर गजाला बांधला. आठवड्यांमागून आठवडे ती दोन्ही तुकडे शेजारी धरून बघायची, माझ्याही नाकासमोर नाचवायची. दोन्ही विटले. बाहेरचा जरा जास्त, पण आतलाही चांगलाच विटला होता. ऊन आत येतंय, पुरावा हातात आहे, असं ती म्हणाली, आणि मला ते शंभर टक्के पटलं. तिच्याहून रंगाचं कोणाला जास्त कळणार?

जिना मात्र तिला पूर्वीसारखाच जड जात होता. मधल्या मजल्यावर ती कठडा धरून उभी राहायची आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या बघतोय असा आव आणायची.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा हललाच नव्हता म्हटलं तरी चालेल. डॉक्टर चक्रावली. पुड्या घेताय ना, असं तिनं विचारलं. आत्यानं पिशवी उघडली आणि पुड्या टेबलावर ठेवल्या. पहिली सोडून सगळ्या. मला ताकास तूर लागू दिली नव्हती. मला इतका राग आला की डॉक्टर समोर नसती तर मी काय बोलले असते कोण जाणे. इकडे बाबा खोकी गोळा करत होते, मी त्यांच्याशी हिच्यासाठी भांडत होते, आणि ही बाई औषध खणात ठेवून उन्हाचे तुकडे मोजत बसली होती.

आत्यानं मग शांतपणे ते दोन लाल तुकडे काढले आणि आपली बाजू मांडली. हे जीवनसत्त्व उन्हानंच होतं ना? मग ऊन फुकट असताना पुडी कशाला? आणि ऊन काचेतून येतं, हे बघा.

डॉक्टर रागावली नाही. तिनं तुकडे उजेडात धरून खरंच नीट पाहिले. मग म्हणाली, "मावशी, तुमची परीक्षा चोख आहे. फक्त प्रश्न दुसराच विचारलात." उन्हात अनेक प्रकारचे किरण असतात, तिनं सांगितलं. रंग उडवणारे बरेचसे काचेतून सरळ आत येतात. पण ज्यांच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्यांना साधी खिडकीची काचही अडवते. तेव्हा काचेमागं कितीही बसलं तरी कापड विटेल, हाडाला काही मिळणार नाही. आणि हाडं इतकी रिकामी झाल्यावर नुसत्या उन्हावर भागत नाही, आधी पुड्या.

आत्यानं एक तुकडा बोटांत चोळला. मला वाटलं आता रडेल. पण तिचे डोळे चमकत होते, एखाद्या शालीची अवघड वीण उलगडली की चमकायचे तसे.

"इतकी वर्षं मी चोराला ओळखत होते," ती म्हणाली, "त्याच्याबरोबर एक भला माणूस येतो हे कुणी सांगितलंच नाही. आणि काचेनं आत घेतला तो चोर."

बाबांकडून आणखी मुदत मागायचं काम माझ्यावर आलं. ते मी कसं केलं ते सांगत नाही, पण त्यात थोडं खोटं होतं. दर आठवड्याची पुडी मी स्वतः जाऊन पाजायला लागले, जेवण झाल्यावर, शेवटच्या घोटापर्यंत समोर उभी राहून. आत्या मला जेलर म्हणायची. कॅल्शियमची गोळी ती माझ्याशिवाय घ्यायची, हे मात्र मी मोजून बघत होते.

उन्हासाठी गच्ची होती. तिच्या खोलीवर फक्त एक छोटा जिना, पण इतक्या वर्षांत ती तिथं कधी गेली नव्हती. सकाळचं काम आटोपल्यावर ती कठडा धरून वर जायची आणि बाह्या सारून पाण्याच्या टाकीशेजारी स्टुलावर बसायची. तिथं एक अडचण निघाली. काम वर नेता येत नव्हतं, रंग गेला असता. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तिला हात रिकामे ठेवून बसायचं होतं. सुरुवातीला ती बोटं नुसती चाळवत राहायची. मग बघायला लागली. कोणाच्या गच्चीवर कबुतरं आहेत, कोण फोनवर रडतं, कोणाचे कपडे कोणत्या क्रमानं वाळतात. समोरच्या बाईनं काळा लोकरी कोट भर उन्हात टाकला तेव्हा ती टाकीजवळूनच 'रंग जाईल' म्हणून ओरडली, आणि त्या बाईनं तो घाबरून आत नेला. दुसऱ्या दिवशी तीच बाई कोट घेऊन रफूला आली.

दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं, तसंच झालं. आधी बरगड्यांचा ठणका गेला. मग कूस बदलताना जाग येईना. कपाटाची मूठ मी स्क्रू लावून बसवून घेतली होती, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आत्या तिला हातच लावत नाही. मी पाठ फिरवून दुधाचं भांडं घासायला घेतलं. पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. आता मोठी पुडी बंद, पुढं थोडं थोडं औषध चालू ठेवायचं आणि काच सोडून ऊन घ्यायचं, असं डॉक्टरनं सांगितलं.

ठरल्या दिवशी बाबा आले. दोन रिकामी खोकी, दोरी, आणि ताईसाठी एक नवी काठी. जिना चढताना ते दोनदा थांबले, मी मागून ऐकत होते. आत येऊन ते धपकन आत्याच्या बुटक्या गादीवर बसले आणि काठी भिंतीला टेकवली. आत्या चौकटीसमोर जमिनीवर बसली होती. तिनं सुई कापडात खोचली, दोन्ही हात छातीवर घेतले आणि उभी राहिली. जरा डगमगली, पण राहिली.

बाबा म्हणाले, "मला वाटलं होतं, तूही आईसारखी..." आत्यानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. खोकी ठेवून जातो, कशाला तरी होतील, असं म्हणत ते उठायला लागले. एक हात मांडीवर रेटला, दुसऱ्यानं कपाटाची मूठ धरली, आणि माझे स्क्रू उपटून मूठ त्यांच्या हातात आली.

मी हसले. आत्या हसली नाही. ती भावाकडे तशी बघत होती जशी गिऱ्हाईकानं आणलेल्या कापडाकडे बघायची.

"हात न लावता ऊठ," ती म्हणाली.

ते पुढं झुकले, पुन्हा झुकले आणि बसून राहिले. आमचं घराणंच तसलं, असं काहीतरी पुटपुटले. आत्या त्यांच्यापुढं खाली बसली, त्यांची विजार वर सारली आणि नडगीवर अंगठा दाबला. बाबांच्या तोंडून 'आई गं' निघालं. सगळी नोकरी बिनखिडकीच्या तळघरात काढलेल्या माणसाचा पाय होता तो, दुधासारखा पांढरा. मी रोज त्यांना टेबलावर हात टेकून उठताना बघत होते आणि मला कधी काही सुचलं नव्हतं.

आत्यानं भिंतीची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"उतरताना ही घे. उद्या सकाळी तुला दवाखान्यात न्यायला मी येते."

"तू? एवढा जिना उतरून?"

"आणि चढून परत येणार," आत्या म्हणाली, आणि सुई शोधायला खाली बसली.