पलीकडच्या मचाणावरचं उत्तर

मेलेल्या माणसाच्या वतीनं मी पत्र्याचा डबा वाजवला. असली अक्कल मलाच सुचते.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं, खुर्चीतून उठणं बंद. दांडेलीहून आलेल्या व्यायामाच्या बाईंनी बजावलं, "नुसते बसून राहिले तर छातीत कफ धरेल. चांगल्या हातानं अर्धा मिनिट जोरात काम, मग मिनिटभर विसावा. असं पाचदा. दम लागू दे, पण दोन शब्द बोलता आले पाहिजेत." त्यांनी दिलेला चेंडू अण्णानं कुत्र्याला दिला.

मग माझं डोकं चाललं. उभा जन्म अण्णानं भाताच्या राखणीला मचाणावर बसून रानडुकरांसाठी डबा बडवलेला. बडवायचं, थांबायचं, पलीकडच्या मचाणावरून उत्तर आलं की पुन्हा बडवायचं. बाईंचा व्यायाम वेगळा काय होता? मी डबा त्याच्या मांडीवर ठेवला, डाव्या हातात दांडकं दिलं.

पहिला अर्धा मिनिट झकास. मग अण्णा थांबला तो थांबलाच. कान ओढ्यापलीकडं. तिथला राखणदार, त्याचा जन्माचा सोबती, दोन पावसाळ्यांमागं वारला होता.

"न्हाई आलं," म्हणून अण्णानं दांडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाचा रिकामा डबा घेऊन ओढा ओलांडला. मचाणाचे चार खांब उरलेले, त्यांवर वेली. अण्णा थांबला की मिनिट मोजून मी वाजवायचो. पाची फेऱ्या झाल्या. रोज होऊ लागल्या. कफ सुटू लागला, वहिनीच्या तोंडावर हसू आलं. मी मात्र पाठ खांबाला टेकूनच बसायचो. मागं कुणीतरी ऐकत उभं आहे असं वाटायचं.

एके सकाळी अण्णाची पहिली फेरी संपली. मी अजून दांडकं उचललंही नव्हतं, तोच माझ्या मागनं तीन ठोके आले. संथ, एकेक करून. पलीकडं अण्णानं लगेच दुसरी फेरी धरली.

मी डबा, चपला, सगळं तिथंच टाकून पळालो.

घरी पोचलो तर पाची फेऱ्या उरकून अण्णा धापा टाकत बसलेला. माझ्या चिखलानं भरलेल्या अनवाणी पायांकडं त्यानं पाहिलं. दोन शब्दांपुरता दम त्याच्यात होता, चार जास्तच निघाले.

"आज वाजवलास तसं वाजवत जा की, लेका. रोज म्हशीला बडवल्यागत वाजवतोस."