दिवाळीपुरती काढलेली चाळणी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला सांगते — पण मध्ये थांबवू नका. थांबले तर पुन्हा गप्प बसेन.

माझं काम जाहिरातींचं, सांगलीत. तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता, ते दिसेपर्यंतच्या क्षणात त्यातल्या जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. बोली माणूस लावत नाही, मशीन लावतं. पूर्वी आमची मशीनं मुंबईत होती. तिकडून उत्तर यायला उशीर व्हायचा, आणि उशिरा आलेली बोली बाद. म्हणून मी गावोगावच्या इंटरनेटवाल्यांच्या खोल्यांत छोटी मशीनं बसवली — पाटण, खंडाळा, आष्टा. बोली तिथल्या तिथे. कल्पना माझी, कौतुकही माझंच झालं.

त्या मशीनमध्ये एक चाळणी होती. फसव्या औषधांच्या, जुगाराच्या जाहिराती अडवणारी. छोट्या मशीनला ती जड जायची. दिवाळीच्या गर्दीत बोल्या हुकायला लागल्या, तेव्हा मी ती काढली. दिवाळीपुरती, म्हटलं. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. ती काय अडवते हे मला माहीत नव्हतं? ती मीच तयार केली होती!

आणखी एक नियमही माझाच — एखाद्या जाहिरातीवर जो थबकतो, त्याच्यासाठी बोली वाढवायची. म्हणजे ती जाहिरात त्याची पाठ सोडत नाही.

आक्का, माझ्या थोरल्या नणंद, आष्ट्याला असतात. साखरेचा जुना आजार, रोज इन्सुलिन. फराळ करताना त्या मोबाइलवर रेसिपी बघायच्या. तिथे एक चूर्ण दिसलं — सुई सोडा, गोड खा. त्या थबकल्या. मग माझ्या मशीननं त्यांना सोडलं नाही. त्यांनी चूर्ण मागवलं, इन्सुलिन बंद केलं, घरात कुणाला बोलल्या नाहीत. नवी चप्पल लागली, जखम चिघळली. सांगलीच्या दवाखान्यात डावा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

त्यांच्या सुनेनं दाराबाहेर मला ती जाहिरात दाखवली. कोपऱ्यात आमच्या कंपनीची बारीक खूण होती. मी आत गेले.

"दर घडीला तेच यायचं गं, मीना," आक्का म्हणाल्या. "एवढं सांगत्यात तर खरंच असंल, म्हटलं. तुज्यावानी शिकल्याली मान्संच टाकत असत्याल न्हवं?"

खोलीत सगळे होते. आणि मी काय केलं? मी चिडले. "फोनवर दिसलं म्हणून कुणी औषध सोडतं का, आक्का? लहान आहात का तुम्ही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्कांनी पदर तोंडाला लावला.

सगळ्यांत मोठ्यानं मी बोलले, कारण लपायचं मला होतं. पाय गेलेल्या बाईच्या आड लपले मी! आजही तो आवाज आठवला की हात शिवशिवतात — स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. रडू येत नाही. रडायचा हक्क आहे का मला?

दुसऱ्याच दिवशी चाळणी परत बसवली. ऑफिसात सांगितलं, सणाची गर्दी ओसरली. कुणी जास्त विचारलं नाही.

घरात आता हा आक्कांचा वेडेपणा म्हणून सांगतात. त्या स्वतःही पाहुण्यांना हसत सांगतात, "मीच येडी. करंजीपायी पाय दिला बघा." मी तिथंच बसलेली असते.

गेल्या महिन्यात त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. "ह्या जाहिराती तेवढ्या बंद करून दे बाई. तुला कळतंय त्यातलं."

मी करून दिल्या.

"तू हायस म्हणून बरं," त्या म्हणाल्या, शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"त्यात काय, आक्का," मी म्हटलं, आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.