पाणी उतरलं होतं

प्रिय सई आणि नील,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून सोपं लिहिते आहे — आणि सोपं लिहिलं की लपवताही येत नाही.

आत्ताच का? तुम्ही रविवारी तिकडची जुनी घरं बघायला जाता, फोटो पाठवता. दोरी लावलेल्या खोल्या, कुणा श्रीमंताचा पलंग, बाहेर हिरवळीवर तुमचे डबे. परवा फोटोखाली सईने लिहिलं, "आजी, पणजीचं माहेरचं घर कुठे आहे? पुढच्या सुट्टीत बघायला जाऊ या?" मी उत्तर दिलं नाही. ते आज देते आहे.

पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणायची. त्यांचं माहेर बदलापूरच्या पलीकडे. बारवी धरण झालं तेव्हा ते गाव पाण्यात गेलं. आई तेव्हा इथे पालेगावात, सासरी, बाळंतपणात होत्या. गाव उठलं आणि त्यांना न्यायला कुणी आलं नाही. घराचा निरोप घ्यायचा राहून गेला. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की घराचा दगडी उंबरा वर येतो, असं त्यांचे धाकटे भाऊ, गणपतमामा, सांगायचे. तो एकदा डोळ्यांनी बघायचा — एवढंच आईंना हवं होतं. दुसरं त्यांनी आमच्याकडे कधी काय मागितलं? मला आठवत नाही.

सहली मीच ठरवायची. कोंडेश्वर, मलंगगडाचा पायथा, अंबरनाथचं जुनं शिवमंदिर. सतरंज्या, थर्मास, प्रत्येकाचा वेगळा डबा, ठरल्या वेळी निघायचं, ठरल्या वेळी परत. आई चिडवायच्या, "थर्मास घेतला का गो? त्याच्याबिगर देव पावायचा नाय." सगळे हसायचे. मी हसायची नाही.

त्या मे महिन्यात मामांचा फोन आला. आईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन नेहमी मीच घ्यायची.

"पानी उतरलंय, सूनबाय. उंबरा मोकला झालाय. रईवारी आक्काला घेऊन या, मी काठावर थांबतो."

मी हो म्हटलं. आणि त्याच रविवारी आजोबांच्या कारखान्याचे पुण्याचे साहेब बायकोला घेऊन यायचे ठरले. त्यांना मी शिवमंदिर दाखवणार होते. आजोबांना सांगितलं असतं तर ते साहेबांनाही धरणावर घेऊन गेले असते — "चला, माझ्या आईचं माहेर दाखवतो." त्यांचा स्वभावच तसा. मग काय बिघडलं असतं? मला दिसत होता तो गाळ. त्या गाळात बसून मोठ्याने रडणाऱ्या आई, त्यांचं ते बोलणं, आणि बाजूला उभ्या साहेबांच्या बाई. मला आईंची लाज वाटायची. हे लिहायला एवढी वर्षं लागली.

संध्याकाळी आईंनी विचारलं, "बाय, भावाचा फोन आला का गो?"

"आला होता," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. "यंदा पाणी उतरलं नाही म्हणाले."

जरासुद्धा अडखळले नाही. आजोबांनाही जेवताना तेच सांगितलं.

रविवारी आई आमच्याबरोबर मंदिरात आल्या. मी पाहुण्यांना इंग्रजीत भिंतीवरचं कोरीवकाम समजावून सांगत होते. आई मागे राहिल्या म्हणून वळून पाहिलं, तर त्या उंबऱ्याशी वाकून दगडावरून हात फिरवत होत्या. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "आमचा पन असाच काल्या दगराचा. पन आमच्याला नक्षी नाय." साहेबांच्या बाईंनी लांबून विचारलं, काय म्हणताहेत? "नमस्कार करताहेत," मी म्हटलं. त्याच वेळी मामा काठावर वाट बघत असतील — हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

पुढे पाऊस आला, धरण भरलं. श्रावणात आई गेल्या.

दहाव्याला मामा आले होते. मागच्या दारी मी एकटी असताना त्यांनी विचारलं, "आक्का का नाय आली गो त्या दिशी? मी उंबरा धुवून ठेवला व्हता. हलदकुंकू लावलं. बसायला खाट आनली व्हती. सांजपर्यंत थांबलो."

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "ऊन सोसणार नाही म्हणाल्या. नको म्हणाल्या."

मामा म्हणाले, "नको म्हनाली? बरं." आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. बहिणीला वाटलं, पाणी उतरलंच नाही. भावाला वाटलं, बहिणीलाच यायचं नव्हतं. दोघंही तशीच गेली. दोघांच्या मधे मी होते — फोन घेणारी.

मी कारणं देत नाही. द्यायला बसले तर मला ती नीट मांडता येतील, म्हणूनच देत नाही.

गेल्या मे महिन्यात पाणी खूप खाली गेल्याचं कळलं. मी रिक्षा करून गेले, थर्मास न घेता. रिक्षावाल्याने हात धरून गाळातून नेलं आणि काठावरच्या एका म्हाताऱ्याने जागा दाखवली. सई, तू विचारलंस म्हणून सांगते. भिंती नाहीत. दार नाही. उंबरा आहे, काळ्या दगडाचा, मधोमध झिजलेला.

— आजी